आकाशातील दिवे आणि जमिनीवरील अविश्वास

नोव्हेंबर २०२४ च्या मध्यापासून अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात रात्रीच्या आकाशात फिरणारे दिवे लोकांना दिसू लागले. पिकाटिनी येथील लष्करी शस्त्रसंशोधन केंद्राच्या परिसरातून निघालेली ही वार्ता पाहता पाहता शेजारच्या राज्यांत पोहोचली. ही ड्रोन विमाने कोणाची, हे कोणीच सांगेना. तेव्हा तर्कांना ऊत आला. इराणने समुद्रातील जहाजावरून ती सोडली, असे एका लोकप्रतिनिधीने ठामपणे सांगितले. पेंटॅगॉनने ते नाकारताच परग्रहावरील उडत्या तबकड्या चर्चेत आल्या.

तपासाचा निष्कर्ष मात्र साधा होता. केंद्रीय तपासयंत्रणेकडे ५,००० हून अधिक वार्ता आल्या; त्यांपैकी जेमतेम १०० अधिक तपासायोग्य ठरल्या. १६ डिसेंबरच्या सरकारी निवेदनानुसार लोकांना दिसली ती परवानाधारक, हौशी व पोलिसांची ड्रोन, विमाने, हेलिकॉप्टरे आणि चक्क तारे! मेरीलँडचे माजी राज्यपाल लॅरी होगन यांनी आपल्या घरावरील ड्रोन म्हणून जे चित्रण प्रसिद्ध केले, त्यात मृग नक्षत्राचे तारे होते. समोरून येणारे विमान दुरून स्थिर भासते आणि काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्यासारखा वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे माजी राज्यपालांना हसण्याचे कारण उरत नाही.

हा अनुभव नवा नाही. अमेरिकी हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळात अशा १२,६१८ घटनांची नोंद केली. ७०१ घटनांचा उलगडा झाला नाही. परंतु ‘अज्ञात’ म्हणजे ‘परग्रहावरचे’ नव्हे. पुरावा अपुरा आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

मग दोष केवळ भोळ्या जनतेचा काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसने जाहीर केले की, यांपैकी पुष्कळशी ड्रोन हवाई प्रशासनाच्या अनुमतीनेच, संशोधनासाठी व अन्य कारणांसाठी, उडत होती. अनुमती सरकारचीच होती, तर हा खुलासा दोन महिने आधी का होऊ नये? खरे नाणे तिजोरीत दडवून ठेवले की बाजारात खोटे नाणे चालू लागते. माहितीच्या व्यवहारालाही हाच नियम लागू आहे. आणि त्याची किंमत भरावी लागते ती निरपराधांना. ड्रोन समजून लोकांनी प्रवासी विमानांवर लेसरचे झोत रोखले. वैमानिकांच्या डोळ्यांना इजा होण्याचा धोका असल्याचा इशारा तपासयंत्रणेला द्यावा लागला.

आकाशाकडे पाहून प्रश्न विचारणे हा नागरिकाचा गुण आहे. त्या प्रश्नाला वेळेवर आणि खरे उत्तर देणे हे शासनाचे कर्तव्य होय. ते चुकले की उद्या खरे संकट आले तरी शासनाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?