जत्रेतले यजमान

कार्तिक लागला म्हणजे जामनेर तालुक्यातील माणसांना घर धरवत नाही. शेंदुर्णीस त्रिविक्रमाचा रथ निघतो. जळगावास १८७२ पासून श्रीरामाचा रथ निघत आला आहे, आणि हा रथ तर भिलपुऱ्यास लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबून तेथील मुसलमान बांधवांचे स्वागत स्वीकारल्याखेरीज पुढे सरकत नाही. उत्सव एकाचा आणि आगतस्वागत दुसऱ्याचे, ही ह्या मुलखाची जुनी वहिवाट आहे. ख्रिस्ती मंडळींचे स्वयंसेवक सणासुदीच्या दिवशी परक्या कुटुंबांशी ओळख कशी करून घेतात, हा विषयही ह्याच वहिवाटीच्या अंगाने पाहावा असे मला वाटते. कारण मिशनचा माणूस म्हटला की चौकात उभा राहून पत्रके वाटणारा उपदेशक आपल्या डोळ्यांपुढे येतो, आणि ते चित्र अगदीच खोटे नसले तरी अपुरे खास आहे.

पत्रक हातात पडले तरी वाचले जाईलच असे नाही, परंतु टाळमृदंग वाजू लागला की माणूस आपण होऊन बसतो, हे मर्म अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हेरले आणि ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या चौकटीत बसवून दाखविले. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजन आणि अभंग यांच्या बळावर तीच वाट राजमार्गाएवढी रुंद केली. १९१७ मध्ये त्यांनी उभारलेल्या ‘देवाच्या दरबारा’त तर बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही जागा होती. परकीय मिशनऱ्यांना जे पुष्कळदा साधले नाही ते ह्या मंडळींना साधले, याचे कारण, माझ्या मते, त्यांच्या वक्तृत्वापेक्षा त्यांच्या बैठकीत होते: ते श्रोत्यांसमोर उभे राहिले नाहीत, श्रोत्यांत बसले.

तरीही मिशनच्या हेतूविषयीचा संशय सुटला नाही, आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही म्हणवत नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अलायन्स मिशन ह्या परदेशी मिशनने अकोल्यास मुलांसाठी आणि खामगावास मुलींसाठी अनाथाश्रम चालविले. त्यामुळे जीव वाचले ही गोष्ट खरी, पण भाकरीच्या मोबदल्यात धर्म घेतला, हा टोमणाही तेव्हापासून ख्रिस्ती कुटुंबांच्या पाठीस लागला. आजच्या स्वयंसेवकाला हे ओझे वारशाने मिळाले आहे. त्याने पाण्याचा पेला पुढे केला, तरी घेणारा क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो.

जामनेर कॅथलिकांच्या ज्या नाशिक धर्मप्रांतात मोडते (हा प्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला), त्यातील सर्वांत मोठा मेळा श्रीरामपूरनजीक हरेगावास, बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याच्या परिसरात, भरतो. १९४९ पासून चालत आलेली ही मतमाऊलीची, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची, जत्रा सप्टेंबरात, तिच्या जन्मदिनाच्या सुमारास असते. कोणी पायी येतात, कोणी टेम्पोत दाटीवाटीने, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेल्यांची संख्या लहान नसते. नवस बोलायचा, मेणबत्ती लावायची, पोराला खेळणे घ्यायचे, एवढा त्यांचा सरळ हिशेब.

अशा गर्दीत छातीला बिल्ला लावलेल्या पोरापोरींचे काम फार साधे असते. रांगेत ताटकळलेल्या म्हातारीला सावलीत बसवून तिची जागा धरून ठेवायची, अंगावरच्या लेकराला पाजण्यासाठी आईला आडोसा दाखवायचा, चुकलेल्या मुलाला ध्वनिक्षेपकापाशी नेऊन त्याच्या तोंडून गावाचे नाव काढून घ्यायचे. ह्यातले शेवटचे काम सर्वांत कठीण, कारण चार वर्षांच्या पोराला बापाचे नाव ‘पप्पा’ याहून अधिक ठाऊक नसते. मूल आईच्या कडेवर परत गेले की विचारपूस आपसूक होते, कुठले तुम्ही, कोणाकोणाला आणले, काय नवस होता. आणि प्रार्थना करू का, हा प्रश्न आलाच तर तो ह्या साऱ्यानंतर येतो. नको म्हटल्यावर जो हसून रांगेची वाट दाखवतो तोच खरा स्वयंसेवक. जो लगेच वही काढून नाव-पत्ता टिपू लागतो, त्याच्याविषयी मला स्वतःला कधी भरवसा वाटला नाही.

लहान मंडळ्यांना असा मेळा परवडत नाही. त्यांचा उत्सव म्हणजे सुगीचा सण. नव्या पिकातून ज्याला जे जमेल ते, कणसे, वांगी, केळीचा घड, एखादी कोंबडी, वेदीपुढे आणून ठेवायचे आणि उपासना संपल्यावर अंगणात त्याचा लिलाव करायचा. शेजारपाजारचे लोकही येऊन बसतात, कारण लिलाव पाहण्यास धर्माची आडकाठी नसते. एका भोपळ्याला बाजाराच्या चौपट भाव चढतो, घेणारा तो तेथल्या तेथे परत दान करतो, पाळकसाहेब पुन्हा पुकारा करतात, आणि गंमत पाहण्यास आलेला शेजारी न राहवून बोली लावून बसतो. मग भोपळा त्याच्याच गळ्यात पडतो, पैसे मंडळीच्या पेटीत जातात, आणि घरी बायको विचारते की एवढ्या किमतीचा भोपळा आणलात तरी कुठून.