ऑनलाइन खरेदी आणि परवलीचे शब्द
ऑनलाइन खरेदी करताना परवलीचा शब्द दोनदा विचारला जातो व ग्राहक गोंधळतो. पहिला शब्द दुकानाच्या खात्याचा असून तो ग्राहकानेच ठरविलेला असतो. रक्कम चुकती करताना मागितला जाणारा ओटीपी मात्र बँकेचा होय. कार्डावरील अशा व्यवहारांस ही जादा खातरजमा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. ओटीपीच्या संदेशात सहसा रक्कमही असते. ती वाचण्याची तसदी फार थोडे घेतात!

खरा धोका पुढेच आहे. ‘मालाचे पैसे परत करावयाचे आहेत, यूपीआयचा पिन टाका,’ असा दूरध्वनी येतो आणि खात्यातील रक्कम जाते. पैसे स्वीकारण्यास पिन मुळीच लागत नाही. फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस तत्काळ कळवावे.