फल्लीदाण्याची ब्राउनी, वरून चारोळी

कमी कर्बोदकांच्या ब्राउनीसाठी महागडं बदामाचं पीठच हवं असं नाही. आपल्या गोंडपिपरीच्या किराणा दुकानातले फल्लीदाणे आणि जवस पुरतात. 100 ग्रॅम मैद्यात साधारण 75 ग्रॅम कर्बोदकं, फल्लीदाण्यात 16. जवसात कर्बोदकं दिसतात 29, पण त्यातला बहुतेक भाग तंतूच.

दीडशे ग्रॅम भाजलेले दाणे टरफलं काढून, थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटतं, कुटाचा लगदा होतो. त्यात दोन चमचे जवसाची पूड, 30 ग्रॅम बिनसाखरेचा कोको, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. दोन अंडी, 60 ग्रॅम वितळलेलं लोणी, गोडीला इरिथ्रिटॉलची बारीक पूड. खडा राहिला तर दाताखाली कचकचतो. वर मूठभर चारोळी. चार (चारोळीचं फळ) फोडून बी काढणं किती किचकट, हे इकडच्यांना सांगायला नको, म्हणून ती पिठात न घालता वरच दिसू द्या!

ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ तापवा, वर स्टँड, झाकण, मंद आच. पंचवीस मिनिटांनी सुरी खुपसून बघा. किंचित ओलसर हवी. पूर्ण गार झाल्यावरच कापा. मैद्याचा चिकटपणा नसल्याने गरम वडीचा भुगा होतो.

मोहफुलं घालू का, असं हमखास विचारतात. चव झकास, पण त्यात साखर भरपूर. आणि दाण्यांत तेल असल्याने उष्मांक कमी नाहीत, एक तुकडा बस्स. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा.