शक 782 की 982? इतिहासाचा तास देवळाच्या दारात

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि शाळांच्या सहलींना गडांची वाट सापडली, हे चांगलंच झालं. पण पायथ्याशी नाश्ता, माथ्यावर घोषणा आणि एक फोटो एवढ्यावर सहल संपणार असेल, तर तिचा इतिहासाच्या अभ्यासाशी संबंध उरत नाही. वास्तू पाहण्याआधी मुलांनी काही वाचलेलं हवं आणि पाहून झाल्यावर आणखी वाचावंसं वाटायला हवं. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या शाळांना त्यासाठी लांब जायचीही गरज नाही.

अंबरनाथचं शिवमंदिरच घ्या. वालधुनीकाठच्या या देवळाला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटलं जातं. हेमाडपंत यादवांचे मंत्री, तेराव्या शतकातले. देवळाच्या उत्तरेकडच्या दारावरच्या लेखात मात्र काळ आहे शक 982, म्हणजे इ.स. 1060, आणि राजा आहे शिलाहार मम्वाणी. मग हेमाडपंतांच्या दोनशे वर्षं आधीचं देऊळ हेमाडपंती कसं? हा प्रश्न मुलांना देवळासमोर उभं करूनच विचारावा. शिखर वरून ढासळलेलं असलं तरी त्याच्या उभ्या पट्ट्यांमध्ये ओळीनं रचलेली छोटी छोटी शिखरं अजून दिसतात. ही माळव्यात बहरलेल्या भूमिज शैलीची खूण. ती एकदा नजरेत बसली की मूल पुढचं देऊळ वेगळ्या डोळ्यांनी पाहतं. त्याहून मोलाची गोष्ट त्या आकड्याची आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचला तेव्हा त्यांना तो शक 782 चा वाटला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो पुन्हा तपासून 982 असल्याचं दाखवलं; आणि भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले! पहिला अंक सात की नऊ, एवढ्यावर देऊळ दोन शतकं अलीकडे आलं. सनावळ्या पाठ करून कंटाळलेल्या मुलांना हे कळायलाच हवं की प्रत्येक सन कुणीतरी झिजलेल्या अक्षरांशी झगडून ठरवलेला असतो, आणि शिष्य गुरूची चूक दुरुस्त करू शकतो. वा. वि. मिराशींचा शिलाहारांच्या कोरीव लेखांवरचा मराठी ग्रंथ शिक्षकांनी आधी चाळावा. भाऊ दाजींच्या नावाचं संग्रहालय भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात आहे, बदलापूर लोकलनं गाडी न बदलता जाता येतं.

उल्हासनगरात तर अख्खं शहरच दस्तऐवज आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधली कुटुंबं आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि कल्याण कँपचं उल्हासनगर झालं. पत्त्यात कँप नंबर अजून टिकून आहे. नंदिता भवनानींचं सिंधी निर्वासितांवरचं इंग्रजी पुस्तक शिक्षकांनी वाचावं, आणि मुलांनी घरातल्या-शेजारच्या आजी-आजोबांना विचारून लिहून आणावं.

इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा, एवढा खटाटोप कशाला, असं पालक म्हणतील. पण दहावीच्या त्याच पुस्तकात इतिहासलेखन, भारतीय कला आणि ऐतिहासिक ठेव्यांचं जतन यांवर स्वतंत्र पाठ आहेत. मंदिरात घालवलेली एक सकाळ या तिन्ही पाठांची उजळणी करून देते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पुस्तकांची यादी काढणारा आपली मतं मुलांच्या गळी उतरवेल. ही भीती खरी आहे. म्हणूनच एका घटनेवर एकच पुस्तक कधीही देऊ नये. 1857 शिकवताना पाठ्यपुस्तकाशेजारी वरसईच्या गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ ठेवावं. धामधुमीत सापडलेल्या भिक्षुकानं पाहिलेलं युद्ध आणि पाठातलं युद्ध यांत काय जुळतं, काय जुळत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावं. अशी पुस्तकं मिळत नाहीत ही सबब इथे तरी चालणार नाही. दुर्मिळ मराठी ग्रंथांसाठी ओळखलं जाणारं, श्याम जोशी यांनी उभं केलेलं ग्रंथसखा वाचनालय बदलापुरातच आहे.

तेव्हा मुख्याध्यापकांनी यंदाच्या सहलीचा एक दिवस गावातल्या गावात घालवावा आणि एक भायखळ्याला द्यावा. ते संग्रहालय बुधवारी बंद असतं, एवढं मात्र तारीख ठरवताना पाहावं.