साखळी गॅरेज की ओळखीचा मिस्त्री?
पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, महाडहून वरंध घाटाने भोर. अशा उतारांवर ब्रेक आणि क्लच सपाटीपेक्षा लवकर झिजतात. साखळी गॅरेजची स्वस्त सर्व्हिस म्हणजे बहुधा ऑइल, फिल्टर आणि धुलाई. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल यांचं बिल वेगळं. ठरलेल्या कामाला ती बरी, पक्कं बिलही मिळतं. ‘आवाज येतो, पण कुठून कळत नाही’ या तक्रारीला मात्र स्वतः गाडी चालवून बघणारा मिस्त्रीच हवा. (चालवून न बघताच पार्ट बदला म्हणणारा नको.) काढलेला जुना पार्ट दोन्हीकडे मागून घ्या.

मिस्त्रीला पार्ट मिळतील का, अशी शंका येईल; पण भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावताना सुटे भाग कंपनीबाहेरच्या गॅरेजांनाही मिळू द्या, असं बजावलं होतं.

जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुरात महाड बुडालं. गॅरेज कुठलंही असो, अशा बुडालेल्या गाडीला चावी मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं असं नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. आधी विमा कंपनीला कळवा, मग गाडी ओढून न्या.