एका रेघेत मावलेला वसंत

सुरुवातीला एकटा बॅसून वाजतो. हे सुषिर वाद्य एरवी खर्जात घुमणारं. पण इथं संगीतकारानं त्याला इतकं वर चढवलंय, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आवाज कशाचा हेच उमगत नाही. थंडीनं आखडलेलं काहीतरी हळूहळू जागं होतंय, एवढं मात्र कळतं. मग एक क्लॅरिनेट कुजबुजते, एखादी बासरी तिला उत्तर देते आणि बघता बघता शंभरेक वादकांचा ताफा उभा राहतो. आठ हॉर्न, पाच बासऱ्या, व्हायोलिनांच्या रांगा, टिंपनीचे नगारे, पोटात धडकणारा मोठा ढोल. साधारण ३५ मिनिटांनी सगळं एका तडाख्यात थांबतं आणि खोलीत पुन्हा पंख्याची घरघर ऐकू यायला लागते.

दर वेळी त्या क्षणी उठून रेकॉर्ड प्लेअरपाशी जावंसं वाटतं. वाकून पाहावं तर काय दिसतं? एक काळी तबकडी, तिच्यावर केसाच्या जाडीएवढा चर आणि त्या चरात टेकलेली सुई. शंभर वादकांसाठी शंभर चर नाहीत, एकच आहे. तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल फिरत गेलेला, उलगडला तर एका बाजूला ४०० मीटरच्या आसपास भरेल असा. बॅसून त्यातच आहे आणि ढोलही त्यातच. एका रेघेत एवढं सगळं मावलं कसं?

इगॉर स्ट्राविन्स्कींच्या या रचनेचं नाव ‘द राइट ऑफ स्प्रिंग’, वसंताचा विधी. मुळात हा बॅले आहे. प्राचीन रशियातली माणसं वसंताला जागं करण्यासाठी एका तरुणीची निवड करतात आणि ती मरेपर्यंत नाचते, एवढीच गोष्ट. २९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरात पहिला प्रयोग झाला. त्यातलं संगीत आज कुणाच्याही घरात वाजू शकतं. नाचाचं नशीब मात्र निराळं होतं.

पण आधी रेघेचं कोडं. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. बॅसून हवेला एक झोका देतो, ढोल दुसरा, व्हायोलिन तिसरा. पण हवेतल्या एखाद्या बिंदूपाशी एका क्षणी दाब एकच असू शकतो. तिथं सगळ्या झोक्यांची बेरीज-वजाबाकी आपोआप होऊन जाते. हा एक दाब क्षणाक्षणाला कसा बदलत गेला याची नोंद ठेवली, की एक रेघ मिळते. तबकडीवरचा चर ही तीच रेघ.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. सभागृहात अगदी पहिल्या रांगेत बसलात, तरी प्रत्येक कानाला मिळतं ते एवढंच. कानाचा पडदा एक वेळ आत जातो, एक वेळ बाहेर येतो. दुसरं काही त्याला करताच येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष मैफलीतसुद्धा कानाशी येऊन पोचते ती एक रेघच. वाद्यं पुन्हा सुटी होतात ती त्याच्यापुढे, कानाच्या आतल्या शंखात. गोगलगायीच्या कवचासारख्या वळलेल्या या नळीत एक पातळ पडदा आहे. त्याचं एक टोक बारीक सुरांना थरथरतं, दुसरं खर्जाला. कुठे किती थरथर झाली हे तिथल्या सुमारे १५ हजार केसपेशी टिपतात आणि त्यावरून मेंदू ठरवतो, की हा बॅसून, हा ढोल. गुंता सोडवणारं यंत्र तबकडीत नाही आणि प्लेअरमध्येही नाही. ते घेऊनच आपण जन्माला आलो.

हे ध्यानात आलं, की ध्वनिमुद्रणाची सगळी कहाणी एकाच धडपडीची वाटू लागते: रेघ खरी ठेवायची, कानाला फसवायचं नाही. सुरुवातीला हे फार अवघड होतं. मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीनं बसत आणि त्यांच्या आवाजाच्या जोरावरच मेणाच्या तबकडीत सुई रेघ कोरत असे. डबल बासचा खर्ज कर्ण्यात नीट शिरत नसे, म्हणून त्याच्या जागी पितळी ट्यूबा बसवत. व्हायोलिनचा आवाज नाजूक, म्हणून धातूचा कर्णा जोडलेलं स्ट्रो व्हायोलिन वापरत. तरीही १९०९ साली ओडियन कंपनीनं चायकोव्हस्कींच्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेचं संगीत दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या चार तबकड्यांवर आणलं. ‘वसंताचा विधी’ पॅरिसमध्ये गाजला त्याच १९१३ साली आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून बीथोव्हेनची संपूर्ण पाचवी सिंफनी मुद्रित करून घेतली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत, त्यामुळे त्या एका सिंफनीला आठ बाजू लागल्या.

१९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि कर्ण्यासमोरची दाटी संपली. १९२९ मध्ये ‘वसंताचा विधी’ पॅरिसमध्येच दोनदा मुद्रित झाला: एकदा पहिल्या प्रयोगाचे संचालक प्येर माँतू यांच्या हातून आणि एकदा खुद्द स्ट्राविन्स्कींच्या. पण घरी ऐकणाऱ्याला दर चार मिनिटांनी उठून तबकडी उलटावी लागे. वसंत जागा होता होता थांबे, आणि दुसरी बाजू लावली की पुन्हा जागा होऊ लागे.

१९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी आली. मिनिटाला ७८ ऐवजी ३३⅓ फेरे, आणि चर कितीतरी बारीक. एका बाजूवर वीसेक मिनिटं मावू लागली. ‘वसंताचा विधी’ दोन भागांत लिहिलेला आहे आणि प्रत्येक भाग १५ ते २० मिनिटांचा. एका बाजूला धरतीची पूजा, दुसऱ्या बाजूला बळी. जणू तबकडीचं माप या रचनेवरूनच घेतलं होतं.

मात्र इथं भूमितीची एक अडचण होती. तबकडी एकाच गतीनं फिरते, पण कडेचा घेर मोठा आणि मध्याजवळचा लहान. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर सरकतो, शेवटच्या फेऱ्यांत २० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे बाजू संपत येते तसतशी रेघ अडीच पट दाटीत लिहावी लागते. आणि या रचनेतला सर्वांत भीषण गदारोळ, तो बळीचा नाच, नेमका शेवटी येतो! जिथं जागा सर्वांत कमी, तिथंच सर्वांत जास्त कोरायचं. शिवाय ढोलाचा खर्ज रेघेला इतका रुंद डोलवतो, की ती शेजारच्या चरात घुसेल. म्हणून तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात, बारीक सूर मुद्दाम वाढवतात आणि प्लेअरजवळच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे सगळं नेमकं उलटं करतात. १९५४ च्या सुमारास त्याचं एकच प्रमाण ठरलं. तबकडीवर कोरलेला ढोल हा मिटवून ठेवलेला ढोल असतो. तो तुमच्या घरात आल्यावर उघडतो.

मग प्रश्न आला दोन कानांचा. आपल्याला दिशा कळते कारण दोन कानांना दोन वेगळ्या रेघा मिळतात. पण चर एक, सुई एक, मग दोन रेघा कोरायच्या कुठे? अ‍ॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्यानं १९३१ मध्येच याचं उत्तर दिलं होतं. चराला दोन भिंती असतात. त्या एकमेकींशी काटकोनात कोरल्या, तर एका भिंतीवर डावा आवाज लिहिता येतो आणि दुसऱ्या भिंतीवर उजवा. सुई एकाच वेळी दोन्ही भिंती वाचते आणि कुणाचं वाचन कुणात मिसळत नाही. ब्लमलाइन १९४२ मध्ये युद्धकाळातल्या रडारच्या चाचणीवर असताना विमान अपघातात गेला. स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या १९५८ च्या आसपास.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि रेघेचे आकडे झाले. दाब सेकंदातून ४४,१०० वेळा मोजायचा आणि प्रत्येक वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक निवडून लिहायची. ७४ मिनिटांच्या डिस्कवर दोन्ही कानांचे मिळून ३९ कोटींहून जास्त आकडे बसतात. मनात शंका येते, की दोन मोजमापांच्या मधलं संगीत हरवत असेल. पण गणित सांगतं, की सर्वांत बारीक सुराच्या कंपनांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं, तर त्या ठिपक्यांतून जाणारी अशी वळणदार रेघ एकच असते. माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपलीकडे ऐकू येत नाही. म्हणून ४४,१०० पुरतात. ही डिस्क आतून बाहेर वाजते, आणि घेर वाढत जातो तसा तिचा वेग मंदावत जातो, म्हणजे लेझरच्या ठिपक्याखालून वाट नेहमी सारख्याच गतीनं सरकते. शेवटच्या नाचाला आता दाटीत उभं राहावं लागत नाही. ती वाट उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरते.

संगीत असं घराघरांत पोचलं. आणि नाच?

तो हरवला. वास्लाव निजिन्स्कींनी बॅलेच्या शिस्तीच्या नेमक्या विरुद्ध हा नाच बसवला होता. बॅलेत पावलं बाहेर वळलेली असतात, इथं ती आत वळवली. बॅले हवेत झेपावतो, इथं नर्तक गुडघे वाकवून जमीन तुडवत होते. पहिल्या रात्री प्रेक्षकांनी इतका गलका केला, की नर्तकांना संगीत ऐकू येईना आणि निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून त्यांना ओरडून मात्रा मोजून देत होते. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच प्रयोग झाले आणि हा नाच थांबला. संगीताची स्वरलिपी होती. नाचाची पूर्ण नोंद नव्हती, आणि निजिन्स्की नाचतानाची एकही फिल्म आज उपलब्ध नाही.

मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर या दोन अभ्यासकांनी कित्येक वर्षं तुकडे गोळा केले. थिएटरात बसून काढलेली रेखाटनं, निजिन्स्कींच्या सहायक मारी रँबेर यांनी स्वरलिपीवर लिहिलेल्या सूचना, पेट्यांत उरलेले पोशाख. या पोशाखांचे आणि पडद्यांचे रचनाकार होते निकोलस रोरिक. हेच रोरिक पुढे हिमाचलातल्या नग्गरला येऊन स्थायिक झाले आणि १९४७ मध्ये तिथंच गेले. अखेर १९८७ मध्ये जॉफ्री बॅले या नृत्यसंस्थेनं हा नाच पुन्हा उभा केला. नंतर सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरनंही तो केला आणि वॅलेरी गेर्गिएव्ह यांच्या संचालनातला त्यांचा प्रयोग आज घरी पाहता येतो.

हा नाच आपल्या घरापर्यंत येतो तो कसा, हे कळलं तेव्हा मी चकित झालो. नाचही शेवटी रेघच होऊन आला! टीव्हीचा कॅमेरा एका चित्राच्या आडव्या ओळी करतो आणि त्या ओळी एकीपुढे एक जोडून पाठवतो. आपल्याकडच्या जुन्या पॅल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी असत आणि सेकंदाला २५ चित्रं. पण ही रेघ किती बारीक थरथरायला हवी? आवाजाला सेकंदाला २० हजार कंपनं पुरली, चित्राला सुमारे ५० लाख लागतात. नाच रेघेत मावतो, पण ती रेघ अडीचशे पट बारीक लागते. म्हणूनच गाणं आधी घरी आलं आणि नाच मागाहून. पुढे सीडीच्या अवरक्त लेझरऐवजी डीव्हीडीला लाल आला, ब्लू-रेला निळा-जांभळा. प्रकाशाची लहर जितकी आखूड, तितका ठिपका लहान आणि तितका नाच जास्त मावतो.

म्हणून हे घरी दोनदा अनुभवावं. एकदा दिवे मालवून नुसतं ऐकावं. मग नाच पाहावा, आणि पाहताना नर्तकांचे पाय सोडू नयेत. ज्या चित्रणात कॅमेरा पायांपासून डोक्यापर्यंत सगळं अंग दाखवत राहतो, ते निवडावं. आत वळलेली ती पावलं निसटली, तर निजिन्स्कींचा सगळा विचारच निसटतो.

१९७७ साली माणसानं अशीच एक रेघ पृथ्वीबाहेर पाठवली. दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजणारी. तिच्या चरात स्ट्राविन्स्कींनी स्वतः संचालित केलेला तो शेवटचा, बळीचा नाच आहे. आणि त्याच तबकडीवर, काही रचनांनंतर, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर भैरवी गात आहेत. व्हॉयेजर-१ ज्या सप्टेंबरात निघालं, त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. तबकडीसोबत सुई दिली आहे आणि आवरणावर ती कशी वाजवायची याच्या आकृत्या कोरल्या आहेत.

रेघ पाठवली, सुई पाठवली. कान मात्र पाठवता आला नाही. तिकडे कुणाला ती तबकडी सापडलीच, तर एका थरथरत्या रेघेतून बॅसून वेगळा, ढोल वेगळा, केसरबाईंचा आवाज वेगळा करणारं काहीतरी त्यांच्यापाशी असावं लागेल. आपल्यापाशी ते आहे. सुई खाली ठेवा आणि दिवा मालवा.