पडद्यावरची चरित्रं (भाग ७) : जोडी एक, करार दोन

मराठी घरांत ज्यांना ‘जाड्या-रड्या’ म्हणतात, त्या ऑलिव्हर हार्डी आणि स्टॅन लॉरेल यांच्या उतारवयावरचा ‘स्टॅन अँड ऑली’ (2018) सुरू होतो तो मात्र त्यांच्या ऐन भरात, 1937 साली. ‘वे आउट वेस्ट’चं चित्रीकरण चालू आहे. घटस्फोट, पोटगी, पैशांची चणचण अशा गप्पा मारत दोघं सेटकडे निघतात आणि कॅमेरा कुठेही न तुटता त्यांच्याबरोबर चालत राहतो. सेटवर पोचताच स्टॅन निर्माता हॅल रोचशी पैशांवरून भांडतो. ऑली गप्प राहतो, कारण त्याचा करार अजून संपलेला नाही.

या गप्प राहण्यातच सगळी मेख आहे. रोचने दोघांना वेगवेगळ्या करारांत बांधलं होतं आणि ते करार संपायचेही वेगवेगळ्या वेळी. साहजिकच जोडी म्हणून घासाघीस करायची सोयच नव्हती; ज्याचा करार संपेल तो एकटा पडायचा. स्टॅन बाहेर पडल्यावर रोचने ऑलीला हॅरी लँग्डनबरोबर घेऊन ‘झेनोबिया’ (1939) हा हत्तीचा चित्रपट काढला. शिवाय गाजलेल्या चित्रपटांची मालकी दोघांपैकी कुणाकडेच नव्हती. पुढे टीव्हीने ते पुन्हा पुन्हा दाखवले, पण यांच्या हाती छदाम आला नाही. फ्रेड कार्नोच्या ज्या नाटकमंडळीबरोबर स्टॅन 1910 मध्ये अमेरिकेत आला, तिच्यातच चॅप्लिनही होता. त्याने 1919 मध्ये भागीदारीत ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही कंपनी उभी केली आणि आपल्या चित्रपटांची मालकी स्वतःकडे ठेवली. साठीच्या आसपासचे हे दोघे 1953 मध्ये ब्रिटनमधली नाट्यगृहं का पालथी घालत होते, याचं उत्तर या फरकात बरंचसं सापडतं.

दौऱ्याचा भाग मात्र जपून पाहावा. 1947 पासूनचे तीन दौरे पटकथाकार जेफ पोप यांनी एकात कोंबले आहेत. ते चालेल, दीड तासाच्या चित्रपटाला दुसरं काय करता येणार? पण लंडनच्या मेजवानीत ‘तू हत्तीबरोबर गेलास’ या जुन्या सलावरून दोघं एकमेकांना घायाळ करतात, तो प्रसंग रचलेला आहे. हॉलिवूडमध्ये काम संपलं की ऑली गोल्फला जायचा, स्टॅन संकलनाच्या खोलीत बसायचा. त्यांची खरी जवळीक वाढली ती या दौऱ्यांतच. म्हणजे जिथे मैत्री मुरली, नेमका तिथेच चित्रपट तडा दाखवतो. त्यापेक्षा आयडा आणि ल्युसिल या दोघांच्या बायकांची तिरकस जुगलबंदी कितीतरी अस्सल वाटते.

दुसरा फेरफार मला जास्त खटकला. चित्रपटात ऑली आधी कोसळतो, मग दोघं आयर्लंडला जातात आणि तिथे त्यांचं दणक्यात स्वागत होतं. प्रत्यक्षात कोव्ह बंदरात चर्चच्या घंटांवर त्यांची ‘कुक्कू’ची धून वाजली ती सप्टेंबर 1953 मध्ये, दौऱ्याच्या सुरुवातीला. ऑलीला हृदयविकाराचा झटका आला मे 1954 मध्ये, प्लिमथला, आणि दौरा तिथेच आटोपला. 1957 मध्ये तो गेला. स्टॅन त्यानंतर साडेसात वर्षं जगला, पण पुन्हा रंगमंचावर उभा राहिला नाही. हा खरा क्रम कडू आहे, पण ऑली झालेला जॉन सी. रायली आणि स्टॅन झालेला स्टीव्ह कूगन यांनी तोही पेलला असता.

पुढच्या आठवड्यात रिचर्ड अॅटनबरोंचा ‘चॅप्लिन’ (1992). तोवर ‘काउंटी हॉस्पिटल’ (1932) हा लॉरेल-हार्डींचा लघुपट पाहून ठेवा. दौऱ्यातल्या उकडलेल्या अंड्यांच्या प्रवेशाचं मूळ त्यात आहे.